चिंतामणराव देशमुख आणि १९५६ चा राजीनामा



'मुंबईसाठी अर्थमंत्रिपद सोडणारे सी. डी. देशमुख' हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात चार पानं अलीकडे 'रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर कोण?' हा एका गुणाचा प्रश्नही असतो. उत्तर तेच. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, पण ती शेजारी शेजारी ठेवून आपण कधी विचार करत नाही. ज्या माणसानं उभं आयुष्य फायलींवर शेरे लिहिण्यात घालवलं, निवडणूक एकदाच जिंकली, सभा गाजवल्या नाहीत, तो माणूस संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातला एक नायक कसा झाला? आणि त्याचा राजीनामा नेमका कशासाठी होता? 'मुंबईसाठी' हे अर्धं उत्तर झालं. उरलेल्या अर्ध्यासाठी आज आपण जमलो आहोत.

चिंतामण द्वारकानाथ देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा. रायगडाला जाताना वाटेत हे गाव लागतं. देशमुख घराणं मूळचं रोह्याचं. वडील वकील. १९१२ साली मॅट्रिकला मुलगा मुंबई विद्यापीठात पहिला आला आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यालाच मिळाली. तेव्हा मुंबई विद्यापीठात पहिला येणं म्हणजे आजच्या एखाद्या बोर्डात पहिला येण्यासारखं नव्हतं. सिंधपासून कर्नाटकापर्यंतचा मुलूख त्यात येत होता. पुढे केंब्रिजचं जीझस कॉलेज. तिथे त्यांनी निसर्गविज्ञानं घेतली, त्यातही वनस्पतिशास्त्र. मग १९१८ मध्ये लंडनला आय.सी.एस.ची परीक्षा, आणि तिथेही पहिले.

इथे आपल्याकडच्या चरित्रांना थांबायची सवय आहे. पहिला नंबर, मग दुसरा पहिला नंबर. आपण पुढे जाऊ, कारण घडलं ते नोकरीत. नेमणूक मिळाली मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. रायपूरला त्यांनी जमाबंदी अधिकारी म्हणून काम केलं. जमाबंदी म्हणजे गावोगाव हिंडून जमिनीचा कस, पीक, हक्क बघून सारा ठरवणं. हे काम केलेल्या माणसाला देशाचा पैसा कुठून येतो हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. पुढे नागपूरला प्रांताच्या अर्थखात्याचे सचिव झाले. मधे १९३१ साली दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयात लंडनला काम केलं. ज्या परिषदेला गांधीजी काँग्रेसचे प्रतिनिधी म्हणून गेले, तिच्यात हे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला कागद सांभाळत होते. ही गोष्ट झाकायची नाही. ते स्वातंत्र्यलढ्यातले नव्हते. तुरुंगात गेले नव्हते. १९४४ मध्ये त्यांना 'सर' हा किताबही मिळाला. पुढे नेहरूंच्या मंत्रिमंडळात बसले तेव्हा भोवतालचे बहुतेक सहकारी तुरुंगात वर्षानुवर्षं काढून आलेले होते, आणि त्यांच्यात हे एक इंग्रजी सत्तेचे जुने नोकर.

१९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले, १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले. फेब्रुवारी १९४३ मध्ये गव्हर्नर सर जेम्स टेलर पदावर असतानाच वारले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी देशमुख गव्हर्नर झाले. पहिला भारतीय गव्हर्नर! पण ही तारीख जरा नीट बघू या. ऑगस्ट १९४३. बंगालमध्ये तेव्हा माणसं रस्त्यावर मरत होती. त्या दुष्काळात वीस-तीस लाख माणसं गेली असं अभ्यासक धरतात. त्याचा रिझर्व्ह बँकेशी काय संबंध? संबंध आहे.

महायुद्धासाठी ब्रिटिश सरकार हिंदुस्थानात माल खरेदी करत होतं: कापड, धान्य, पोलाद, सैनिकांचा खर्च. त्याचे पैसे द्यायचे कसे? तर लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर पौंड जमा व्हायचे, आणि कायद्यानुसार त्या पौंडांच्या आधारावर बँक इथे रुपये छापायची. म्हणजे माल गेला बाहेर, पौंड पडून राहिले लंडनला, आणि इथे बाजारात नुसत्या नोटा वाढत गेल्या. माल कमी, नोटा जास्त; मग भाव कुठे जाणार? ज्याच्या हातात रोख मजुरीशिवाय काही नाही, तो आधी मरतो. बंगालच्या दुष्काळाची कारणं अनेक आहेत, सगळं खापर चलनवाढीवर फोडता येत नाही. पण तिच्याशिवाय तो दुष्काळ समजतही नाही. त्या नोटांवर पहिल्यांदाच एका भारतीयाची सही आली, ती याच काळात. पंचम जॉर्जच्या मुलाचं, सहाव्या जॉर्जचं चित्र आणि खाली सी. डी. देशमुख. अभिमान वाटतो तो बरोबरच आहे, पण गव्हर्नराच्या हातात त्या वेळी किती थोडं होतं हेही त्या नोटेवरूनच कळतं. कायदा लंडनच्या सोयीचा, सही मुंबईची.

युद्ध संपलं तेव्हा लंडनमध्ये हिंदुस्थानचे असे सुमारे १३० कोटी पौंड साठले होते. मालक गुलाम आणि गुलाम सावकार, असा तो विचित्र हिशोब. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स इथे ४४ राष्ट्रांची परिषद भरली, जिच्यातून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक जन्मले. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळाचे प्रमुख होते व्हाइसरॉयच्या मंडळातले अर्थसदस्य जेरेमी रेझमन. त्यात देशमुख, षण्मुखम चेट्टी, ए. डी. श्रॉफ हे होते. या मंडळींनी दोन गोष्टी लावून धरल्या. एक, या साठलेल्या पौंडांचं काय? आणि दुसरी, या नव्या संस्थांनी युद्धात उद्ध्वस्त झालेल्या युरोपाइतकंच मागास देशांच्या विकासाकडेही बघावं. पहिल्या मागणीला ब्रिटननं दाद दिली नाही. पारतंत्र्यातल्या देशाच्या शिष्टमंडळानं एवढं बोलावं हेच तेव्हा विशेष होतं.

एक छोटी गोष्ट सांगतो, कारण अलीकडच्या काळात तिची आठवण पुष्कळांना झाली. जानेवारी १९४६ मध्ये सरकारनं पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या. काळा पैसा बाहेर काढायचा हा हेतू. गव्हर्नर देशमुख या कल्पनेवर फारसे खूश नव्हते. यातून सरकारच्या हाती फार लागेल असं त्यांना वाटत नव्हतं. बाहेर होत्या १४३.९७ कोटींच्या नोटा, त्यातल्या १३४.९ कोटींच्या १९४७ अखेरपर्यंत बदलून गेल्या. नऊ कोटी राहिले. बाकी तुम्ही समजता.

फाळणीत बँकेचीही फाळणी करायची होती. काही काळ रिझर्व्ह बँक दोन्ही देशांची बँक होती. आपल्याच नोटांवर 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' असा शिक्का मारून त्या तिकडे चालवल्या गेल्या. ३० जून १९४८ ला ती व्यवस्था संपली. १ जानेवारी १९४९ पासून बँक सरकारी मालकीची झाली, आणि त्याच वर्षी जूनअखेर देशमुख निवृत्त झाले. वय ५३. त्याच वर्षी पत्नी रोझिना वारल्या. एखाद्याचं चरित्र इथेच संपलं असतं.

नेहरूंनी त्यांना आधी अमेरिका आणि युरोपसाठी खास आर्थिक दूत केलं, मग १९५० मध्ये नियोजन आयोगाचे सदस्य. आता आपल्या विषयाच्या दृष्टीनं एक फार गमतीचा योगायोग. तेव्हाचे अर्थमंत्री होते जॉन मथाई. मथाईंचं म्हणणं असं की नियोजन आयोग म्हणजे मंत्रिमंडळाला समांतर दुसरं मंत्रिमंडळ होणार. ज्या गोष्टी मंत्र्यांनी ठरवायच्या त्या बाहेर ठरणार. त्यांनी राजीनामा दिला. आणि त्यांच्या जागी आले कोण? त्याच आयोगाचे सदस्य चिंतामणराव देशमुख. सहा वर्षांनी देशमुखांनी जी तक्रार केली, ती जवळजवळ मथाईंचीच तक्रार होती! विषय वेगळा, दुखणं तेच. मंत्रिमंडळाचे निर्णय मंत्रिमंडळात होतात का?

१९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक ते काँग्रेसच्या तिकिटावर कुलाबा मतदारसंघातून जिंकले. कुलाबा म्हणजे तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आजचा रायगड. मुंबईतला कुलाबा नव्हे. ही नोंद महत्त्वाची आहे. त्या जिल्ह्यातली घरंच्या घरं मुंबईच्या गिरण्यांवर आणि गोदीवर चालत. बाप मुंबईत, शेत गावात. अशा मतदारसंघाच्या खासदाराला मुंबई महाराष्ट्रात असावी की नसावी हा प्रश्न नकाशावरचा वाटणं शक्य नव्हतं.

अर्थमंत्री म्हणून सहा वर्षांत त्यांनी काय केलं याची यादी मोठी आहे आणि ती कोणत्याही पुस्तकात मिळेल. पहिली पंचवार्षिक योजना, पहिला वित्त आयोग, १९५३ चा मालमत्ता शुल्काचा म्हणजे वारसाहक्कानं येणाऱ्या संपत्तीवरच्या कराचा कायदा, दशमान नाण्यांचा १९५५ चा कायदा. तो नवा पैसा लोकांच्या हातात आला १९५७ मध्ये, तेव्हा ते मंत्री नव्हते. या सगळ्यांतून आपण दोनच गोष्टी उचलू: स्टेट बँक आणि आयुर्विमा.

ग्रामीण कर्जाच्या देशव्यापी पाहणीचा, गोरवाला समितीचा अहवाल १९५४ मध्ये आला. त्यात निघालेलं वास्तव सगळ्यांना ठाऊकच होतं, फक्त आता ते आकड्यांत आलं: शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्था आणि सरकार मिळून वाटा अगदी नगण्य, बाकी बहुतेक सावकार. म्हणून इंपीरियल बँक ताब्यात घेऊन १ जुलै १९५५ ला स्टेट बँक ऑफ इंडिया केली, आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढायचं बंधन तिच्यावर घातलं. तालुक्याच्या गावी स्टेट बँकेची जी जुनी इमारत असते, तिची गोष्ट इथून सुरू होते.

आयुर्विम्याची गोष्ट जास्त नाट्यमय. तेव्हा देशात विम्याच्या खाजगी कंपन्या पुष्कळ. काही चांगल्या, काही बुडणाऱ्या, काहींचे मालक लोकांचे हप्ते आपल्या इतर धंद्यांत वापरत. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत हे प्रकरण काढलं होतं. पण राष्ट्रीयीकरण होणार असं आधी कळलं असतं, तर मालकांनी तिजोऱ्या रिकाम्या केल्या असत्या. म्हणून सगळं गुपचूप झालं. १९ जानेवारी १९५६ च्या रात्री अर्थमंत्री आकाशवाणीवर बोलले आणि वटहुकूम निघाला. दुसऱ्या दिवशी सरकारचे अधिकारी कंपन्यांच्या दारात उभे. भारतीय कंपन्या १५४, परदेशी १६, भविष्यनिर्वाह संस्था ७५: मिळून २४५ संस्था सरकारच्या ताब्यात.

आता तारखेकडे परत या. १९ जानेवारी १९५६. तीनच दिवस आधी, १६ जानेवारीला, त्याच आकाशवाणीवरून पंतप्रधान नेहरूंनी जाहीर केलं होतं की मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात राहील. महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा. ज्या रात्री देशमुख विम्याबद्दल बोलत होते, त्या रात्री मुंबईत संचारबंदी होती. गिरणगावात गोळीबार चालू होता. आधी नोव्हेंबर १९५५ मध्ये फ्लोरा फाउंटनला माणसं पडली होती. जानेवारीत कितीतरी जास्त पडली. मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई. १०५ हुतात्मे म्हणून जी नावं आपण घेतो (पुढे हा आकडा १०६, १०७ असाही सांगितला गेला), त्यांतली बहुतेक या आठवड्यातली. एकाच आठवड्यात या माणसानं आपल्या कारकिर्दीतला सर्वांत धाडसी निर्णय अमलात आणला, आणि त्याच आठवड्यात त्याच्या मतदारांची मुलं पोलिसांच्या गोळ्यांनी मेली. त्यांनी जानेवारीतच राजीनामा देऊ केला. नेहरूंनी थांबायला सांगितलं, आणि ते थांबले.

मग त्यांनी सहा महिने का घेतले? हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो रास्त आहे. माणसं जानेवारीत मेली, राजीनामा जुलैत. या मधल्या काळात त्यांनी अर्थसंकल्प मांडला, दुसरी पंचवार्षिक योजना मार्गी लागली, आयुर्विमा महामंडळाचा कायदा जूनमध्ये संमत झाला. कोणी म्हणेल हाती घेतलेलं काम पुरं केलं, कोणी म्हणेल खुर्ची सुटेना. आमचा कल पहिल्याकडे आहे, पण त्याहून खरं कारण वेगळं असावं असं वाटतं. जानेवारी ते जून मुंबईचा प्रश्न अजून वाटाघाटीत आहे असं मानायला जागा होती. ती जागा ३ जूनला संपली. त्या दिवशी नेहरूंनी मुंबईतच जाहीर केलं: मुंबई पाच वर्षं केंद्रशासित राहील, मग बघू.

२५ जुलै १९५६ ला लोकसभेत देशमुखांनी आपलं निवेदन केलं. यात मुंबई होतीच. मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचं कारण त्यांना पटत नव्हतं, आणि महाराष्ट्राविषयी एक आकस दिसतो असंही ते बोलले. पण ज्या भागानं दिल्ली हादरली तो भाग मुंबईचा नव्हताच. ते म्हणाले की ३ जूनची घोषणा मंत्रिमंडळाला विचारून झालेली नाही. एवढा मोठा निर्णय, आणि ज्यांनी तो सामुदायिक जबाबदारीनं घ्यायचा त्यांना तो वर्तमानपत्रातून कळतो. दुसरं, एवढा गोळीबार झाला, एवढी माणसं मेली, आणि न्यायालयीन चौकशीची मागणी फेटाळली जाते. कुठल्याही सुसंस्कृत देशात अशी चौकशी आपोआप व्हायला हवी, अशी त्यांची भूमिका.

राज्यपुनर्रचनेचा विषय त्या काळात प्रत्यक्षात कोण हाताळत होतं? नेहरू, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत आणि ढेबर. ढेबर काँग्रेसचे अध्यक्ष. सरकारात ते नव्हतेच! म्हणजे देशाच्या नकाशाचा निर्णय सरकार घेत होतं की पक्ष, हे सांगणं अवघड झालं होतं. देशमुखांचं बोट या फटीवर होतं. एखाद्या मुरलेल्या सचिवानं फाइल उघडावी आणि विचारावं, की या निर्णयावर मंत्रिमंडळाचा ठराव कुठे आहे? तसा तो प्रश्न होता. भाषण भावनेचं नव्हतं. म्हणूनच त्याला उत्तर देणं कठीण गेलं.

नेहरूंनी उत्तर दिलंच. या विषयाची मंत्रिमंडळात वारंवार चर्चा झाली होती, आणि पंतप्रधान या नात्यानं सरकारचं धोरण जाहीर करायचा अधिकार आपल्याला आहे, असा त्याचा आशय. पंतप्रधान शेवटी पंतप्रधान असतो. या उत्तरात तथ्य नाही असं नाही. आणि देशमुखांनाही उलट विचारता आलं असतं: विम्याच्या वेळी तुम्ही नाही का गुप्तता पाळली? फरक आमच्या मते असा, की विम्याची बातमी फुटली असती तर लोकांचा पैसा बुडाला असता. मुंबईची बातमी मंत्र्यांना आधी कळली असती तर काय बुडालं असतं?

त्याच काळात महाराष्ट्रातला दुसरा एक नेता बरोबर उलट वाटेनं चालला होता. संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवडायचं झालं तर आपण नेहरूंना निवडू, असं यशवंतराव चव्हाण म्हणाले होते, आणि त्याबद्दल त्यांनी भरपूर शिव्या खाल्ल्या. देशमुखांच्या गळ्यात हार पडले. पण १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले यशवंतराव, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्राचा मंगल कलश आला तोही त्यांच्याच हस्ते. पक्षात राहून, वाट बघून. मग देशमुखांच्या राजीनाम्यानं साधलं काय? त्यांच्या निवेदनानंतर पंधरा-सोळा दिवसांत केंद्रशासित मुंबईची कल्पना मागे पडली आणि लोकसभेनं मुंबईसह विशाल द्वैभाषिक राज्य मान्य केलं. हे एकट्या राजीनाम्यानं घडलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. अनेक पक्षांच्या खासदारांचा रेटा त्यामागे होता. पण भारताच्या अर्थमंत्र्यानं सभागृहात उभं राहून जे सांगितलं, त्यानंतर जुनी योजना रेटणं अवघड झालं, एवढं म्हणायला हरकत नाही. आणि रस्त्यावरच्या माणसाला, गिरणीतल्या कामगाराला, वाटलं की दिल्लीत आपलं कोणीतरी होतं. चळवळीत या गोष्टीचं मोल मोजता येत नाही.

जाता जाता आणखी एक तुलना. ऑक्टोबर १९५१ मध्ये, हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर राजीनामा दिलेल्या कायदेमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपलं निवेदन सभागृहात करता आलं नव्हतं. उपाध्यक्षांनी आधी प्रत मागितली, आणि बाबासाहेब निघून गेले. ते निवेदन त्यांना बाहेर प्रसिद्ध करावं लागलं. देशमुखांना पाच वर्षांनी तेच बोलायला सभागृह मिळालं. या फरकाची कारणं काय असतील, यावर तुम्हीच विचार करा.

राजीनाम्यानंतरचं चिंतामणरावांचं आयुष्य आपल्याकडे जवळजवळ कोणी सांगत नाही. वास्तविक ज्या पंतप्रधानावर त्यांनी भर सभागृहात कार्यपद्धती मोडल्याचा ठपका ठेवला, त्याच पंतप्रधानाच्या सरकारनं त्याच वर्षी त्यांना विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष केलं. असं आज घडेल का, हा प्रश्न विचारायचा मोह आवरतो. पुढे ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले, इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभं करण्यात पुढे राहिले, १९५९ चं मॅगसेसे पारितोषिक त्यांना मिळालं. १९५३ मध्ये त्यांनी संविधान सभेच्या सदस्य राहिलेल्या दुर्गाबाईंशी लग्न केलं होतं. केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष त्या. कालिदासाचं मेघदूत देशमुखांनी मराठीत पद्यात आणलं, ते मात्र याच्या कितीतरी आधी, गव्हर्नर असताना. दिवसा पौंडांचा हिशोब आणि रात्री यक्षाचा विरह!

१९५९ मध्ये मात्र ते पुन्हा एकदा नेहरूंना आडवे गेले. वरच्या पातळीवरच्या भ्रष्टाचाराच्या तक्रारी ऐकण्यासाठी एक स्वतंत्र, कायमचं न्यायाधिकरण असावं असं त्यांनी जाहीरपणे सुचवलं, आणि ते नेमलं तर आपण स्वतः काही प्रकरणं पुढे ठेवू असंही सांगितलं. नेहरूंनी ते नाकारलं. अशा आरोपांनी वातावरण गढूळ होतं ही त्यांची बाजू. लोकपाल हा शब्द आपल्या राजकारणात यायला अजून काही वर्षं होती. इथेही पाहा, देशमुखांचा आग्रह कुणा एका भ्रष्ट माणसाला पकडा असा नव्हता. चौकशीची जागा तयार करा, एवढंच.

१९६९ साल त्यांच्या आयुष्यातलं शेवटचं मोठं राजकीय प्रकरण. काँग्रेस फुटीच्या उंबरठ्यावर होती. राष्ट्रपतिपदाला एकीकडे संजीव रेड्डी, दुसरीकडे इंदिरा गांधींचा कौल लाभलेले व्ही. व्ही. गिरी. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी देशमुखांना उभं केलं. पहिल्या पसंतीची त्यांची मतं १,१२,७६९. तिसरे आले. पण गंमत अशी की पहिल्या मोजणीत कोणालाच कोटा गाठता आला नाही, म्हणून मागे पडलेल्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंती मोजाव्या लागल्या. शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. देशमुखांच्या मतदारांची दुसरी पसंती मोठ्या प्रमाणावर रेड्डींकडे गेली, तरी थोडक्यात ती कमी पडली. जो माणूस निवडणुकीच्या राजकारणातला नव्हता, त्याच्या मतपत्रिका उलटून बघेपर्यंत देशाला आपला राष्ट्रपती कोण ते कळलं नाही.

१९७५ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. शेवटची वर्षं हैदराबादेत गेली. मे १९८१ मध्ये दुर्गाबाई वारल्या आणि २ ऑक्टोबर १९८२ ला चिंतामणराव. नव्या महाराष्ट्र राज्याला तोवर बावीस वर्षं झाली होती, फ्लोरा फाउंटनचा हुतात्मा चौक झाला होता. लोकसभेत त्यांनी मागितलेली जानेवारी १९५६ च्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी झालेली नव्हती.